फिरत्या शौचालयाचा इतिहास आणि विकास (सुधारित आवृत्ती, शुद्धिपत्रासह)

प्रकरण पहिले : घाई

माणसाला घाई होते, हे इतिहासातले पहिले सत्य आहे. राजे, लढाया, तह वगैरे त्यानंतरचे.

हे वाक्य माझे आहे. मालकांना ते पसंत नव्हते. ते म्हणाले, "'घाई' काढा, 'गरज' घाला." मी 'गरज' घातले. ते म्हणाले, "आता सरकारी वाटतंय." मी पुन्हा 'घाई' घातले. या एका वाक्यावर कंपनीचे नऊ कामाचे दिवस गेले. त्यावरून मजकूर किती खोल आहे हे लक्षात यावे.

आमची कंपनी फिरती शौचालये भाड्याने देते. लग्ने, सभा, बांधकामे, धावण्याच्या शर्यती, चित्रीकरणे, जिथे म्हणून माणसे जमतात आणि लवकर उठत नाहीत, तिथे आमच्या केबिनी ट्रकमधून जातात, उभ्या राहतात, आणि कार्यक्रम संपला की परत येतात. एकूण केबिनी तीनशे बारा. रंग निळा. कंपनीला पंचवीस वर्षे होत होती, आणि पंचवीस वर्षे झालेल्या कुठल्याही गोष्टीला इतिहास लागतो. म्हणून 'इतिहास व विकास विभाग' स्थापन झाला. विभागात एक टेबल, एक खुर्ची आणि मी.

माझी पात्रता अशी : मी मालकांचा साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्याखेरीज माझ्या नावावर दोन कवितासंग्रह आहेत. त्यांपैकी दुसऱ्याची संपूर्ण आवृत्ती आजही उपलब्ध आहे. (पलंगाखाली.)

नेमणुकीचे पत्र घरी दाखवले तेव्हा बायको बराच वेळ ते वाचत राहिली. पत्र चार ओळींचे होते.

"अहो," ती म्हणाली, "लग्नाच्या वेळी बाबांना तुम्ही लेखक म्हणून सांगितलं होतंत ना?"

"हेही लेखनच आहे."

"ताई विचारत होती, तुमचे हे नक्की काय लिहितात. काय सांगू तिला?"

"इतिहास."

"कशाचा म्हणाली तर?"

मी म्हणालो की थोरल्या बहिणीचा बंगला ज्याच्यावर उभा आहे त्याचाच. त्या रात्री आम्ही दोघे दोन्ही कुशींवर झोपलो, म्हणजे ती एका आणि मी दुसऱ्या.

आवारात मात्र मला मान मिळाला. सगळे मला 'इतिहास' म्हणू लागले. "इतिहास, जरा बाजूला व्हा, ट्रक मागे घ्यायचाय." असा मान कवितेने कधी दिला नव्हता.

प्रकरण दुसरे : प्राचीन काळापासून गोदीपर्यंत (घाईघाईने)

प्राचीन काळी सगळीच शौचालये फिरती होती, कारण माणूसच फिरता होता. पुढे शेती आली, घरे आली, भिंती आल्या आणि माणूस एका जागी बसला. बसल्यावर त्याला कळले की जागा ठरवायला हवी. जागा ठरवल्याबरोबर भांडण झाले आणि भांडण झाल्याबरोबर नियम झाला. कायद्याचा उगम असा आहे. (हा सिद्धांत माझा. त्याला आजवर कोणीही विरोध केलेला नाही. तो कोणी वाचलेलाही नाही.)

राजेलोक खुर्चीला भोक पाडून घेत. खाली भांडे, वर मखमल. खुर्ची राजाबरोबर प्रवास करी आणि ती सांभाळणारा माणूस दरबारात वजनदार समजला जाई. कारण राजा जेव्हा खऱ्या अर्थाने एकटा असे, तेव्हा हा एकटाच तिथे असे. खुर्ची धुणाऱ्याचा असा मान नंतरच्या काळात कसा कसा कमी होत गेला, हे मी प्रकरण सहामध्ये सविस्तर लिहिले होते. प्रकरण सहा मालकांनी काढून टाकले.

आधुनिक फिरते शौचालय जहाजे बांधायच्या गोदीत जन्मले असे सांगतात. कामगार जहाजावर, सोय काठावर. एक जण गेला की परत यायला बराच वेळ. शेवटी कुणीतरी घड्याळ लावून पाहिले, आणि दिवसाचे किती तास नुसते चालण्यात जातात ते कागदावर आले. लगेच लाकडी खोकी तयार झाली, खाली टाक्या बसल्या, आणि खोकी उचलून जहाजावर नेऊन ठेवली गेली.

इथे एक गोष्ट नमूद करणे इतिहासकार म्हणून माझे कर्तव्य आहे. त्या गोदीत कोणालाही कामगारांची दया आली नव्हती. दया आली असती तर समिती नेमली गेली असती. घड्याळ लावले म्हणून काम झाले.

लाकूड वास धरून ठेवी आणि जड असे. मग फायबर आले, मग प्लास्टिक. आजची केबिन दोन माणसे उचलतात, ती कुजत नाही, गंजत नाही, फक्त जोराच्या वाऱ्यात पडते. (आत माणूस असेल तर जरा सावकाश पडते.)

प्रकरण तिसरे : सील

या क्षेत्रात आमच्या कंपनीचे योगदान म्हणजे कागदी सील. आणि सील म्हणजे माझे योगदान. इतिहासात शिरण्याचा सोपा मार्ग तो लिहायला बसणे हा आहे, हे मला फार उशिरा कळले.

नियम सात असा : 'धुतलेल्या केबिनच्या दारावर तत्काळ कागदी सील लावावे. त्यावर तारीख व धुणाऱ्याची सही असावी. सील फक्त ग्राहकाच्या पाहुण्याने फाडावे.'

यामागचे तत्त्व मानवी आहे. आपल्या आधी इथे कोणीच आलेले नाही, असे माणसाला मनातून हवे असते. सील ते देते. मी स्वतः एका लग्नात उभे राहून पाहणी केली. सील फाडताना शंभरांपैकी सत्त्याण्णव पाहुणे किंचित हसतात. (उरलेल्या तिघांना तेवढा वेळ नसतो.) नंतर वधूच्या मामांनी मला तिथून जायला सांगितल्यामुळे पाहणी अपुरी राहिली.

सीलवरची सही मावशींची असे. धुण्याचा विभाग म्हणजे मावशी. आठ वर्षे नोकरी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, एक नळी, दोन ब्रश, निळ्या औषधाचा कॅन आणि एप्रनच्या खिशात सीलची गुंडाळी. दिवसाला अठरा केबिनी. प्रत्येक केबिन धुऊन झाली की त्या एकदा आत शिरून दार लावून घेत, दोन क्षण थांबत आणि बाहेर येत. मी विचारले, हे कशासाठी. म्हणाल्या, "आत उभं राहावंसं वाटतं का ते बघते. नाही वाटलं तर परत धुवायची." मग सील, तारीख आणि सही. सही म्हणजे एक अक्षर आणि त्याच्या खाली रेघ. रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

प्रकरण चौथे : एक महत्त्वाचा शोध

मूळ साधनांचा शोध घेताना मला आवाराच्या अगदी मागे, मोडक्या केबिनींच्या ढिगापलीकडे, एक लाकडी केबिन सापडली. दारावर रंगाने '१' लिहिलेले. पंचवीस वर्षांपूर्वी मालकांनी एका सुताराकडून करून घेतलेली ही कंपनीची पहिली केबिन. भाड्याच्या यादीतून ती कधीच बाद झाली होती. सगळे समजत होते की ती केव्हाच जळणात गेली.

आतली स्थिती थक्क करणारी होती. फळ्या घासून पांढऱ्या केलेल्या. खिळ्याला हातभर आरसा. कडीच्या जागी तारेचा आकडा. कोपऱ्यात बादली, त्यात निळा मग, आणि खोबणीत साबणाची अर्धी वडी. साबण ओला होता. पूर्वीचे साबण किती टिकाऊ असत हे त्यावरून सिद्ध होते.

मी मोजमापे घेत असताना मागून बुटांचा आवाज आला.

"साहेब, तिथे काय करताय?"

"संशोधन, मावशी."

"झालं की सांगा. मला जायचंय."

मी वहीत नोंद केली : 'वास्तूविषयी स्थानिक लोकांच्या मनात आजही ओढ आढळते.'

"तो मग माझा आहे," मावशी म्हणाल्या.

नोंद : 'मौखिक परंपरेनुसार मग स्त्रियांच्या मालकीचा असे.'

"आरसापण माझाच. साहेब, ऐकताय का? आठ वर्षं मी हीच वापरते. टँकरवरचा नळीवाला महिन्यातून एकदा टाकी ओढून देतो."

"पण मावशी," मी म्हणालो, "आवारात तीनशे बारा केबिनी आहेत."

"त्यातली कुठली वापरू?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. धुतलेली केबिन सीलबंद असते आणि सील पाहुण्यानेच फाडायचे. ती झाली नियम सातची बाजू. भाड्यावरून परत आलेली, न धुतलेली केबिन नियम सहाखाली येते. अनामत परत देण्यावरून ग्राहकाशी वाद होऊ शकतो, म्हणून ती धुवायला घेईपर्यंत पुरावा मानली जाते, आणि पुराव्यात भर घालणे हा गैरप्रकार आहे. राहता राहिला धुणे संपल्यापासून सील लागेपर्यंतचा काळ. हा मी मोजला. तो चाळीस सेकंद भरला. त्या चाळीस सेकंदांत केबिन कोणाचीच नसते, आणि सबंध ओली असते.

पुरुष कर्मचाऱ्यांचा प्रश्न नव्हता. त्यांच्यासाठी मागची भिंत होती. मालकांना त्यांच्या खोलीला लागून स्वतंत्र सोय होती, आणि मी साडू असल्यामुळे तिथे मला 'आत कोणी नसेल तर' अशी मुभा होती.

मी शोधाचा अहवाल मालकांना दिला. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, "हा तर ठेवा आहे ठेवा!" दुसऱ्या दिवशी पहिल्या केबिनला पितळी कुलूप लागले, भोवती लाल दोरी आली. निळा मग काचेच्या पेटीत गेला. त्याखालची पाटी मी लिहिली : 'मग. पहिला कालखंड.'

मावशी दोरीपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मला वाटले, त्यांना इतिहासाची गोडी लागली.

प्रकरण पाचवे : आकडेवारी

सर्वांत जवळची सोय पेट्रोल पंपावर. जायला अकरा मिनिटे, यायला अकरा. तिथला नियमही स्पष्ट : पेट्रोल भरा, किल्ली घ्या. मावशींकडे गाडी नव्हती. पहिल्या दिवशी पंपवाल्याने त्यांना परत पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंपाचे शौचालय धुऊन दिले आणि किल्ली मिळवली. तेव्हापासून तो रिवाजच पडला.

मला गोदीची आठवण झाली. मी घड्याळ लावले.

पहिला आठवडा : रोज तीन फेऱ्या, सहासष्ट मिनिटे. तीन केबिनींचे नुकसान.

आलेख काढला आणि मालकांसमोर ठेवला. माझी अपेक्षा होती की इतिहासाची पुनरावृत्ती होईल आणि आता कोणीतरी एक खोके उचलून आणेल. मालकांनी आलेख उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, आणि म्हणाले, "दोनदा जायला सांगा."

दुसरा आठवडा : दोन फेऱ्या. तिसरा आठवडा : एक. चौथ्या आठवड्यात काही दिवशी शून्य. समस्या झपाट्याने सुटत असल्याचे आलेखावरून स्पष्ट दिसत होते. मी खाली 'उत्साहवर्धक' असा शेरा मारला.

टँकरच्या नळीवर काम करणारा नळीवाला माझ्या टेबलापाशी येऊन तो आलेख पाहत राहिला.

"इतिहास, हे काय काढलंय? डोंगर?"

"मावशींच्या फेऱ्या. बघ, कशा कमी झाल्या."

"पाणीच पीत नाही ती," नळीवाला म्हणाला. "सकाळी बाटली भरून आणते आणि संध्याकाळी त्या फाटकाजवळच्या झाडाला ओतून जाते. डॉक्टरनं जळजळीच्या गोळ्या दिल्यात आणि सांगितलंय, दिवसाला तीन लिटर पाणी प्या, नाहीतर मूत्रपिंडाचं काही खरं नाही. तीन लिटर पिऊन जाईल कुठे? तुमच्या काचेच्या पेटीत?"

झाडाकडे मी पाहिले. ते त्या वर्षी खरोखरच छान फोफावले होते.

मी कठोर माणूस नाही. मी तक्रार निवारण अधिकारीही आहे. (विभागात दुसरे कोणी नसल्यामुळे.) मी मावशींना बोलावून रीतसर मार्ग दाखवला. म्हणजे फॉर्म दिला. कंपनीचा एकच फॉर्म आहे. मावशींनी तो माझ्यासमोर बसून, बूट न काढता भरला. मूळ प्रत दप्तरी आहे :

*कार्यक्रमाचे स्वरूप :* काम

*पाहुण्यांची अंदाजे संख्या :* १

*त्यांपैकी स्त्रिया :* १

*कार्यक्रम किती काळ चालेल :* आठ वर्षं झाली. पुढचं तुमच्यावर.

*केबिन कुठे ठेवायची :* होती तिथेच राहू द्या

*जेवण आहे का :* डबा

*पिण्याच्या पाण्याची सोय :* आहे, पण पीत नाही

*विशेष सूचना :* मग परत द्या

फॉर्मवरची सही सीलवरचीच होती. एक अक्षर, खाली सरळ रेघ.

मी अर्ज फेटाळला. दोन तांत्रिक अडचणी होत्या. एक, किमान मागणी चार केबिनींची. दोन, कार्यक्रमाला समाप्तीची तारीख नव्हती. फेटाळताना मी 'सहानुभूतीपूर्वक' हा शब्द वापरला. तो माझा स्वतःचा. फॉर्मात तो नाही.

"म्हणजे नाही," मावशी म्हणाल्या.

"सध्या नाही. पुन्हा अर्ज करता येतो."

"चार जणी कुठून आणू?" असे म्हणून त्या उठल्या आणि जाता जाता टेबलाखाली बुटांचे पाणी सांडले होते ते एप्रनने पुसून गेल्या.

घरी मी हा प्रसंग विनोदी म्हणून सांगितला. बायको हसली नाही. "तुम्ही कुठे जाता हो तिथे?" तिने विचारले. मी साडूच्या खोलीबद्दल सांगितले. "बरं आहे," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

प्रकरण सहावे

(काढून टाकले.)

प्रकरण सातवे : रौप्यमहोत्सव

मंडप. खुर्च्या. आवाराच्या मध्ये चौदा निवडक केबिनी एका ओळीत, भोवती रिबीन. मावशींनी पहाटेपासून धुतलेल्या, चौदाही सीलबंद. प्रमुख पाहुण्या म्हणून आरोग्य खात्यातल्या मोठ्या बाई. त्यांनी रिबीन कापायची, मनाला येईल ती केबिन निवडून सील फाडायचे, आत जाऊन पाहायचे आणि खुश व्हायचे, असा कार्यक्रम. त्या खुश झाल्या तर वर्षभराचे मोठे काम मिळणार होते.

त्याआधी मालक इतिहास वाचणार होते. मी लिहिलेला. चौतीस पाने.

सहाव्या पानाला माझ्या पोटात कळ आली.

स्वतःचे लेखन मोठ्याने ऐकल्यावर असे होते की नाही, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. पण कळ खरी होती. मी शांतपणे उठलो. मालकांची सोय बंद. तिथे मोठ्या बाईंसाठी नवे टॉवेल ठेवले होते आणि किल्ली मालकांच्या खिशात होती, मालक व्यासपीठावर. पहिल्या केबिनला कुलूप, तीही किल्ली त्याच खिशात. भिंत या कामाला पुरी पडणारी नव्हती, शिवाय तिच्यासमोर पाहुण्यांच्या गाड्या लागल्या होत्या. आता आवारात तीनशे बारा केबिनी होत्या आणि मी होतो.

मावशी ओळीच्या टोकाला बादली घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, एक सील काढा."

"कशाला?"

"मला जायचंय."

"पाहुण्यानंच फाडायचं ना? नियम सात."

"नियम मी लिहिलाय!"

"म्हणून तर म्हणते."

"अहो, लगेच दुसरं लावा. कोणाला कळणार आहे?"

मावशींनी माझ्याकडे पाहिले. राग नव्हता. एखाद्या केबिनमध्ये शिरून दार लावून त्या दोन क्षण थांबत, तसे पाहिले.

"साहेब, ही गुंडाळी आठ वर्षं माझ्याच खिशात आहे. मला सुचलं नसेल का?"

"मग?"

"खाली सही माझी असते ना."

व्यासपीठावरून मालकांचा आवाज येत होता. गोदीचा भाग चालू होता. कामगार काठाकडे निघाले होते.

"पंप अकरा मिनिटांवर आहे," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच मोजलंय."

मोठ्या बाईंच्या गाडीचा ड्रायव्हर पाणी मागायला आला, मावशी त्याच्यासाठी पाणी आणायला वळल्या, आणि मी ओळीच्या मागून चौदाव्या केबिनपाशी गेलो. नियमाचा लेखक म्हणून सीलचा एक नमुना-रोल नेहमी माझ्या खिशात असतो. पुढचा तपशील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा नाही. बाहेर आल्यावर मी नवे सील लावले, तारीख घातली आणि सही केली. माझी नाही. एक अक्षर आणि खाली रेघ. घाई होती. रेघ जरा वाकडी आली.

जागेवर येऊन बसलो तेव्हा मालक विसाव्या पानावर होते. मला लेखन एकदम चांगले वाटू लागले.

रिबीन कापली गेली. मोठ्या बाई ओळीपुढून चालत गेल्या. एक, दोन, तीन. प्रत्येक सीलकडे पाहून मान डोलावत. माणूस अशा वेळी मधली केबिन निवडतो, असे माझे निरीक्षण आहे. बाई शेवटच्या केबिनपाशी थांबल्या.

सीलला हात लागणार तेवढ्यात मावशी मध्ये आल्या.

"थांबा ताई. हिच्यात नका जाऊ. ही धुवायची आहे."

"असं काय करताय?" मालक हसत म्हणाले. त्यांचे ते हसणे मी ओळखतो. "सील आहे ना त्याच्यावर! तुमचीच सही आहे!"

"ही माझी नाही. माझी रेघ सरळ असते."

सगळे त्या रेघेकडे पाहू लागले. दीडशे माणसे, एक रेघ. मालकांनी शेजारच्या तेरा नंबरचे सील पाहिले, चौदाचे पाहिले, आणि माझ्याकडे वळले.

"इतिहास, काय प्रकार आहे हा?"

इतिहासकाराने घटनेत हस्तक्षेप करू नये असा संकेत आहे. मी म्हणालो, "तपासून सांगतो."

मावशींनी माझ्याकडे पाहिले. मी सीलकडे पाहिले. नळीवाल्याने माझ्या खिशाकडे पाहिले, त्यातून रोलचे टोक बाहेर आले होते. पण त्याला पोराच्या शाळेचा खर्च आहे, तोही त्या क्षणी इतिहासकार झाला.

"स्वतःची सही नाकारून खोटं बोलायचं, तेही आजच्या दिवशी!" मालक खालच्या आवाजात म्हणाले. "मावशी, उद्यापासून येऊ नका."

मावशी 'बरं' म्हणाल्या. मग त्यांनी ते सील फाडले, दीडशे लोकांसमोर चौदावी केबिन धुतली, आत शिरून दार लावून घेतले, दोन क्षण थांबल्या, बाहेर आल्या, नवे सील लावले, सही केली. रेघ सरळ. मोठ्या बाई तेवढा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते सील फाडले, आत गेल्या, आणि खुश झाल्या. वर्षभराचे काम आम्हाला मिळाले.

"माझा मग तेवढा द्या," मावशी म्हणाल्या.

"तो पहिल्या कालखंडातला आहे," मालक म्हणाले. "मूळ वस्तू देता येत नाही."

मावशींनी गुंडाळी खिशातून काढून माझ्या हातात दिली आणि फाटकातून गेल्या. मी घड्याळ लावले नव्हते, पण अकरा मिनिटे लागली असणार.

शुद्धिपत्र

पहिल्या आवृत्तीत काही चुका राहून गेल्या. वाचकांनी पुढीलप्रमाणे दुरुस्त करून घ्याव्यात.

प्रकरण चौथे, पाटी : 'मग. पहिला कालखंड' याऐवजी 'मावशींचा मग' असे वाचावे. (पाटी बदललेली नाही. पितळी आहे.)

प्रकरण पाचवे, शेरा : 'उत्साहवर्धक' हा शब्द गाळावा.

प्रकरण सातवे : 'तपासून सांगतो' याबाबत, तपास चालू आहे.

मावशी आता पेट्रोल पंपावर काम करतात. किल्ली त्यांच्याच कमरेला असते. मी मागच्या महिन्यात गाडीत पेट्रोल भरायला गेलो होतो. त्यांच्या शेजारी दोन लिटरची बाटली होती, दुपारचे बारा वाजले होते आणि बाटली पाऊण रिकामी होती. "या इतिहास," त्या म्हणाल्या, "घाई आहे का?" नाही म्हणालो. खरे तर होती. आमच्या आवारातले फाटकाजवळचे झाड वाळले आहे.

त्यांच्या जागी आलेल्या तीन जणी एकामागून एक सोडून गेल्या. वर्षभराचे मोठे काम तर अंगावर आहे. तेव्हा मी धुण्याच्या प्रक्रियेचा नव्याने अभ्यास केला आणि असे आढळले की पाहुणा केबिन पाहत नाही, सील पाहतो. त्यानुसार टप्पे कमी केले आहेत. केबिन परत येते, बाहेरून नळीने पाणी मारले जाते, सील लागते. पूर्वी मध्ये चाळीस सेकंद वाया जात, तेही वाचले. सील मी स्वतः लावतो. लोकांचा विश्वास ज्या सहीवर बसला आहे ती बदलणे बरे नव्हे, म्हणून सही जुनीच ठेवली आहे. एक अक्षर आणि खाली रेघ. अक्षर आता हुबेहूब जमते. रेघ अजून जरा वाकडी येते.

तुम्ही पुढच्या लग्नात, सभेत किंवा शर्यतीत आमची निळी केबिन पाहाल. दार उघडण्याआधी ती रेघ एकदा नीट पाहून घ्या. मागच्या वेळी तुम्ही पाहिली नव्हती. तुम्ही सील फाडलेत आणि किंचित हसलात.